न पाहिलेल्या घराच्या टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्यास

महाशय,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते शोधणं अवघड नाही. आमच्या भागात नवं मीटर घेतलेल्या घरांचे टेस्ट रिपोर्ट काढले, की खाली तोच गोल शिक्का आणि तीच तिरकी सही दिसते. त्यातल्या बहुतेक घरांचा उंबरा तुम्ही ओलांडलेला नाही. सही-शिक्का मारलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा दुकानात पडून असतो. पैसे मोजले की त्यातला एक हातात येतो. आमच्या शेजारच्या घराचा रिपोर्ट असाच आला. त्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स दशांशासकट लिहिला आहे. त्या घराला अर्थिंगचा खड्डाच नाही. नसलेल्या खड्ड्याचं माप कोणी आणि कशाने घेतलं, याचा जबाब तुम्ही द्यायचा आहे, कारण खाली सही तुमची आहे.

कायद्याने या सहीला केवढं वजन दिलं आहे, हे तुम्ही जाणता. घरातला बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच जसाच्या तसा बदलायला परवान्याची गरज नाही. त्यापुढचं काम, म्हणजे नवी वायरिंग, जादा पॉइंट, गीझर किंवा एसीसाठी वेगळी लाइन, हे राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच घ्यायचं. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनच्या हातून व्हायला हवं. हा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होता, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत आला आणि २०२३ च्या नव्या नियमांतही कायम आहे. नवं कनेक्शन देताना वीज कंपनीने वायरिंग स्वतः तपासावी, किंवा परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा रिपोर्ट स्वीकारावा, असे दोन मार्ग नियमांनी ठेवले. कंपनीचा माणूस मीटर लावून निघून जातो, तो तुमच्या भरवशावर. तुमच्यानंतर त्या घरात डोकावणारं दुसरं कुणी नाही.

आणि तपासायचं तरी किती असतं? आधी फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का, ते बघायचं. कच्च्या हाताने स्विच न्यूट्रलवर घातलेला असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते. बटण बंद आहे या विश्वासाने स्टुलावर चढलेल्या माणसाचं बोट थेट तिच्यावर पडतं. मग ५०० व्होल्टचा मेगर लावून वायरचं इन्सुलेशन बघायचं. एक मिनिटाच्या चाचणीत किमान १ मेगओहम मिळायला हवा. पाइपात ओढताना सोललेली वायर, भिंतीत दडवलेला टेपचा सांधा, इथेच सापडतो. प्लास्टर चढलं, रंग झाला, की तो दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात भिंत ओलावली, की तो स्वतःच कळवतो. शेवटी अर्थिंग मोजायचं. एका घराला तासाभराचं काम. मेगर आणि अर्थ टेस्टर जवळ असल्याशिवाय तुम्हाला परवाना मिळालेला नाही. ती यंत्रं पेटीतून काढण्याचा कंटाळा तुम्ही लोकांच्या जिवावर करता आहात.

शेजारच्या घरी वॉशिंग मशिनला हात लावला की मुंग्या येत होत्या. जाणत्या वायरमनने सॉकेट खोललं. अर्थच्या मोठ्या पिनेला न्यूट्रलमधून तुकडा ओढून जोडलेला होता. हा तुकडा किती घरांत आहे, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं, मशिन चालतं, घरमालक समाधानी. मात्र ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी फेज मशिनमधून फिरून त्याच तुकड्याने पत्र्यावर उतरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई तेव्हा मशिनमधून कपडे काढत असते.

दर पावसाळ्यात आपल्या खेड्यांतून एकाच तऱ्हेची बातमी येते. पत्र्याच्या घरात करंट उतरला, पत्र्याला बांधलेल्या तारेवर कपडे वाळत घालणारी चिकटली, तिला सोडवायला धावलेला मुलगा किंवा नवराही गेला. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यातली सगळी घरातली नाहीत. पण घरातल्या मृत्यूंत अर्थिंग नसणं आणि आरसीसीबी नसणं ही जोडगोळी वारंवार सापडते. आरसीसीबीला लोक अजून ईएलसीबी म्हणतात. ही छोटी पेटी ३० मिलिअँपिअर करंट गळला की क्षणात पुरवठा तोडते. १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या पाचशेपट करंट निमूट वाहू देतो, कारण तो वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवणं हे त्याचं काम नाही. तुम्ही एकदा शेजारच्या त्या घरातल्या बोर्डासमोर उभे राहिला असता, तर ही पेटी तिथे नाही हे यंत्राशिवायही दिसलं असतं.

तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं आहे. सगळेच करतात. घरमालकालाच घाई असते. वायरमन ओळखीचा आहे, चांगलं काम करतो. वायरमन चांगला असेलही. परवाना नसलेले कित्येक हात खरोखर कुशल आहेत, आणि त्यांना परीक्षेला बसवून परवान्याच्या वाटेवर आणणं हे तुमच्यासारख्यांचं काम होतं. तुम्ही त्यांना तुमच्या सहीचं गिऱ्हाईक करून ठेवलंत. अपघात झाला की पोलीस त्या पोराला उचलतात आणि तुम्ही म्हणता, मी तर ते घर पाहिलंही नाही. तुमच्याविरुद्ध याहून मोठा पुरावा कोणता? आयटीआय करून, परीक्षा देऊन, मेगर खांद्याला लावून जिने चढणारे कंत्राटदारही याच गावात आहेत. तासभर राबून ते जे पैसे मागतात, ते तुमच्या फुकाच्या सहीपुढे गिऱ्हाइकाला महाग वाटतात. त्यांचा धंदा तुम्ही मारला आहे.

घर बांधणाऱ्यांनाही इथेच सांगतो. संगमरवराला लाखो रुपये घालणाऱ्याने तपासणीचे पैसे वाचवू नयेत. कंत्राटदाराचा परवाना क्रमांक आणि त्याची मुदत बघा. मेगर तुमच्या डोळ्यांदेखत लावायला सांगा, आकडे तुमच्यासमोर लिहायला लावा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही, तर काम पुरं झालेलं नाही. आणि न पाहता सही देणारा भेटला, तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. आम्ही ती केली आहे.

महाशय, तुमचा परवाना म्हणजे सरकारने तुमच्यावर टाकलेला विश्वास आहे, आणि तो लोकांच्या जिवाच्या राखणीसाठी टाकला आहे. ज्या घरांचे रिपोर्ट तुम्ही न पाहता दिलेत, त्यांची यादी तुमच्याकडे आहे. पावसाळ्याआधी एकेका घरी जा, मेगर लावा, अर्थिंग मोजा, चूक असेल तिथे स्वखर्चाने सुधारा. ते जमत नसेल, तर शिक्का आणि परवाना दोन्ही परत करा.

कळावे,
त्याच गल्लीतला एक रहिवासी