बाड मिळालं

‘बाड मिळालं. वाचून कळवतो.’

चार शब्दांचा हा प्रकाशकांचा निरोप गुढीपाडव्यानंतरच्या मंगळवारी मोबाइलवर आला, तेव्हा मी लोकलमध्ये होतो. कोपर गेलं होतं, दिवा यायचं होतं. पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या सॅकला टेकवून मी तो निरोप तीनदा वाचला. त्या चार शब्दांवर गेल्या सहा-सात महिन्यांत मी जेवढा विचार केलाय, तेवढा त्या बाडातल्या बारा कथांवर मिळून केला नसेल.

‘बाड मिळालं’ यात तशी गोम नाही. मी पाठवली होती ती 1.8 एमबीची पीडीएफ, तरी तिला कोणी बाड म्हटलं की भारदस्त वाटतं. घोटाळा आहे तो ‘वाचून’मध्ये. पाण्यावाचून, अन्नावाचून, तसं वाचल्यावाचूनही कळवता येतंच की! आणि ‘कळवतो’चं तर विचारूच नका. मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो आणि जातो. ‘बघतो’ म्हणतो तेव्हा बघत नाही. मग ‘कळवतो’ म्हणणारा काय करणार, हे व्याकरणातच ठरलेलं असावं.

पूर्वी हे सगळं टपालाने चालायचं. हस्तलिखितासोबत स्वतःचं नाव-पत्ता घातलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं, म्हणजे स्वतःच्या नकाराचा खर्च स्वतःच आगाऊ भरायचा. पोस्टमनच्या हातातलं पाकीट जाड असलं की सगळ्या चाळीला कळायचं, ‘साभार परत’ आलं. साधं कार्ड आलं तर आशेला जागा. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद झालं, पण श्री. पु. भागवतांचं किंवा राम पटवर्धनांचं नकाराचं पत्रसुद्धा ट्रंकेत जपून ठेवलेली माणसं होती, असं ऐकत आलोय. नकार मिळाला तरी तो हस्ताक्षरात मिळायचा. आम्हाला मिळतात दोन निळ्या खुणा. त्या दिसल्या म्हणजे निरोप पाहिला गेला एवढंच कळतं. रात्री अकरा सत्तेचाळीसला प्रकाशक ऑनलाइन दिसतात. एवढ्या रात्री हा माणूस काय करत असेल? माझं बाडच वाचत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्टेटसवर नातवाच्या वाढदिवसाचा केक दिसतो.

शिवाय फोन. अनोळखी नंबर आला की काळजात धस्स होतं आणि पलीकडून पर्सनल लोन निघतं. एकदा खरोखर प्रकाशकांच्या पुण्याचा नंबर होता. गाडीत गर्दी होती, खिशात हात जाईना, फोन वाजून बंद झाला. मागे काही वर्षांपूर्वी ‘अहो, पारसिकच्या बोगद्यात होतो’ असं सांगता आलं असतं. 1916 सालचा तो बोगदा निदान सव्वा किलोमीटरभर तरी माणसाला जगापासून लांब ठेवायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल मुंब्रा-कळव्याकडून जायला लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला. डोंबिवलीकरांची एक चांगली सबब रेल्वेने अशी काढून घेतली. मी ठाण्याला उतरून, धीर गोळा करून उलट फोन केला. पुण्याचे एक आजोबा होते. त्यांना गॅस एजन्सी हवी होती.

प्रकाशकांचं वर्ष कसं असतं, हे मला आता पाठ झालंय. चैत्रात मार्चअखेरीचे हिशेब निस्तरायचे असतात. मे महिन्यात सगळे गावाला. पावसाळ्यात कागदाला ओल धरते, तशी कामालाही धरत असावी. श्रावणापासून दिवाळी अंकांची धांदल. दिवाळीनंतर प्रदर्शनं, मग साहित्य संमेलन, मग पुन्हा मार्चअखेर. या चक्रात बाड वाचायला नेमकी कुठली तिथी मोकळी असते, हे मी पंचांगातही शोधून पाहिलं.

संमेलनावरून आठवलं. फेब्रुवारी 2017 मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत झालं. गावातच राहून गेलेल्या पु. भा. भाव्यांचं नाव साहित्यनगरीला दिलं होतं. नोटाबंदीला तीनच महिने झालेले, माणसं खिशातली रोकड मोजून पुस्तकांना हात लावत होती. अशा वेळी मी याच प्रकाशकांच्या गाळ्यावरून 640 रुपयांची पुस्तकं घेतली होती. ती पावती जपून ठेवली आहे. कधी सांगायची वेळ आली तर असावी.

तिसऱ्या महिन्यात मी माणूस करू नये ती गोष्ट केली. पाठवलेली फाइल उघडून वाचायला बसलो. पहिल्याच पानावर ‘दुसऱ्या दिवशी’च्या जागी ‘दुसर्या दिवशी’. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना ऱ्याचा तो वाकडा फराटा उडाला होता. खाली पाहिलं तर ‘वार्यावर’. त्याखाली ‘पायर्या’. संगणकाला शोधायला सांगितलं, त्याने निर्विकारपणे आकडा दिला : 214. दोनशे चौदा ठिकाणी माझी माणसं ‘खोलीच्या कोपर्यात’ उभी होती, ‘चेहर्यावर’ उदास भाव घेऊन. माझ्या एका कथेत नायिका निघून जाते, तो प्रसंग लिहिताना मला रडू आलं होतं. तिथे छापलं होतं, ‘तो तिच्याकडे पाठमोर्या नजरेने पाहत राहिला.’ फराटा असता तरी नजर पाठमोरी कशी असेल, हे त्या रात्री प्रथमच लक्षात आलं.

रातोरात सगळं दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठाण्यातल्या मित्राला गाठलं. हा तीन पुस्तकं नावावर असलेला अनुभवी गडी. आम्ही तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्याशी उभे राहून कणीस खात होतो. म्हटलं, “सुधारलेली प्रत पाठवून देऊ का?”

“वेडा आहेस का? नवीन फाइल आली की जुनी बाजूला पडते. परत रांगेच्या शेवटी जाशील.”

“मग करू काय?”

“काही नाही. बाड पाठवलं की गेलं समजायचं. तेराव्या दिवशी गोडाचं जेवायचं आणि दुसरं लिहायला घ्यायचं. कथासंग्रहाची पाचशेची आवृत्ती काढताना लोक दहादा विचार करतात आणि तू फराटे मोजतोयस.”

सल्ला चांगला होता. मी गोडाचं जेवलोही. दुसरं लिहायला घेतलं, त्यात एक माणूस फोनची वाट बघत बसलेला होता. तो पाचव्या पानापर्यंत बसूनच राहिला, तेव्हा वही मिटली.

मग इतर उपाय. माळा आवरला. फडके रोडने गणपतीला पायी जायला लागलो. देवाशी घासाघीस करायची नाही असं घरून निघताना ठरवायचो आणि सभामंडपात शिरताना 11 मोदकांवरून 21 वर यायचो. ही म्हणाली, “देवालासुद्धा ‘वाचून कळवतो’ म्हणू दे की थोडं.” तिने बाडातल्या कथा वाचलेल्या नाहीत. छापून आल्यावर वाचेन म्हणते. तिचा प्रकाशकांवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

एका रविवारी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. कल्याणला आगगाडी आली 1854 साली आणि हे वाचनालय निघालं 1864 साली. मधली दहा वर्षं गाडीत माणसं एकमेकांशी बोलत असावीत. मी कथा-कादंबऱ्यांच्या एका कपाटासमोर उभा राहिलो. माझं आडनाव ‘पु’वरून सुरू होतं, म्हणजे लावायचं झालं तर मी भाऊ पाध्ये आणि श्री. ना. पेंडसे यांच्या मधे. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून दोन पुस्तकांच्या मधे तर्जनी घातली आणि जरा फट केली. साधारण पाऊण इंच. माझ्या हिशेबाने 160 पानं तेवढी होतात. बोट काढलं, फट आपोआप मिटली. पलीकडून एक बाई म्हणाल्या, “काही शोधताय का?” म्हटलं, “नाही, अजून आलेलं नाही.”

वाट पाहणाऱ्याला थोरामोठ्यांच्या गोष्टी फार आठवतात. मला आर. के. नारायण आठवत राहिले. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ विलायतेतले प्रकाशक एकामागून एक परत करत राहिले, तेव्हा त्यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला कळवलं की बाडाला एक दगड बांध आणि थेम्समध्ये सोडून दे. मित्राने ते ग्रॅहम ग्रीन यांना वाचायला दिलं आणि 1935 साली पुस्तक निघालं. मित्र चांगला असला की सांगितलेलं ऐकत नाही. माझी थेम्स म्हणजे मोठागावची खाडी. संध्याकाळी रेतीबंदरावर उभं राहून मीही तो विचार करून पाहिला. पण पीडीएफला दगड बांधायचा कसा?

दसऱ्याच्या सकाळी मात्र राहवलं नाही. प्रकाशकांना फोन लावला. पुस्तकाचं अवाक्षर काढायचं नाही, फक्त शुभेच्छा द्यायच्या, असं पक्कं ठरवलं होतं.

“दसऱ्याच्या शुभेच्छा, साहेब.”

“अरे वा, तुम्हालाही.”

“पाऊस कसा आहे तिकडे?”

“उघडलाय.”

“आमच्याकडेही उघडलाय.”

यानंतर मी थांबलो. तीन-चार सेकंदं असतील. त्या तीन-चार सेकंदांत त्यांनी ‘हो, ते तुमचं…’ असं म्हणायला जागा ठेवली होती. ते म्हणाले, “बरं तर मग. ठेवू?”

संध्याकाळी लिफ्टशी वरच्या मजल्यावरचे सर भेटले. वय ऐंशीच्या घरात, कल्याणच्या शाळेत सगळी हयात गणित शिकवण्यात गेलेली. त्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

“सोनं घ्या. कसं चाललंय?”

“बरं आहे, सर.”

“मुलगी काय म्हणते? पुण्यालाच ना?”

“हो.”

“तुमच्या मातोश्रींचा गुडघा?”

“आता बरा आहे.”

“छान. पाऊसही उघडला.”

एवढं बोलून सर थांबले. लिफ्ट आली होती, दार उघडून त्यांनी पायाने धरून ठेवलं होतं आणि ते थांबले होते. तीन-चार सेकंदं. मग म्हणाले, “बरं, येतो,” आणि वर गेले.

ती तीन-चार सेकंदं कुठली, हे मला पायऱ्या चढताना कळलं. पायाखालची पायरी चुकली. संक्रांतीला तिळगुळाच्या डबीबरोबर सरांनी दोन वह्या दिल्या होत्या. खाकी कव्हर घातलेल्या, दोनशेपानी, निळ्या शाईच्या. “आठवणी आहेत. सवडीने वाचा, घाई नाही,” असं म्हणाले होते. मीच त्यांना उत्तर दिलं होतं, “वाचून कळवतो, सर.” वह्या कपाटात मुलीच्या जुन्या स्वेटरांखाली होत्या. संक्रांत ते दसरा. त्यानंतर जिन्यात भेटले की मी मोबाइल कानाला लावत आलो होतो, हेही मग आठवायला लागलं. बहिणाबाई 1951 साली गेल्या. सोपानदेवांनी आईच्या ओव्या-कविता उतरवलेली वही अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली पुस्तक बाहेर आलं. आणि इथे एकाच जिन्यात राहून मला नऊ महिन्यांत दोन मजल्यांचं अंतर कापता आलं नव्हतं.

त्या रात्री वह्या काढल्या. हस्ताक्षर फळ्यावरच्यासारखं टपोरं. वर्णनं जरा लांबलेली, ‘असो’ फार. पण दुसऱ्या वहीत एक प्रकरण आहे. सर नवीन असताना सहामाहीच्या 38 उत्तरपत्रिकांचा गठ्ठा लोकलच्या रॅकवर विसरून डोंबिवलीला उतरले. गाडी गठ्ठा घेऊन व्ही.टी.ला गेली. पाच दिवस सरांना घास गोड लागला नाही. सहाव्या दिवशी मुरबाडकडचा एक शेतकरी गठ्ठा घेऊन शाळेत हजर. दादरला फुलं टाकून परत जाताना त्याला तो सापडला होता, शाळेचा शिक्का पाहून एस.टी.ने कल्याणला आला. रिकाम्या हाताने परत जाईना. सरांना म्हणाला, “मास्तर, मी सगळे पेपर वाचले. तो तिसऱ्या नंबरचा पोरगा हुशार दिसतोय, त्याला कमी देऊ नका.” पाच दिवसांत 38 पेपर, तेही गणिताचे.

तीन रात्रींत दोन्ही वह्या संपवल्या. ‘असो’ कुठे काढता येतील ते पेन्सिलीने हलकं दाखवलं, गठ्ठ्याच्या प्रकरणाशेजारी मोठी चांदणी काढली आणि चौथ्या दिवशी वर जाऊन बेल वाजवली. सरांनी दार उघडलं. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“वाचल्या? इतक्यात?”

टोमणा नव्हता, ते खरंच म्हणत होते. मला आत यायला सांगायचं ते विसरले. दारातच दुसरी वही उघडून भराभर पानं उलटत गेले.

“हे बघा, पान 112. ‘मुरबाड’चं ‘मुरुड’ झालंय. वह्या तुमच्याकडे दिल्या त्याच रात्री कच्ची वही पुन्हा चाळली, तेव्हा लक्षात आलं. सकाळीच खाली येऊन दुरुस्त करणार होतो.” ते जरा ओशाळले. “पण म्हटलं, तुम्ही वाचत असाल. मधे कशाला.”