भाषापट्टी भरणाऱ्याचं नम्र पत्र

प्रति,
माननीय संगणक विभागप्रमुख साहेब,
आमची लाडकी महानगरपालिका.

सा. न. वि. वि.

घरबसल्या घरपट्टी भरायची सोय केलीत, आमची गल्ली आपली ऋणी आहे. शेजारच्या काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, त्याही मराठी शाळेत. त्यांच्यासारख्यांसाठी आपण पानाच्या कोपऱ्यात 'मराठी' असं बटणही ठेवलंत. केवढा हा मनाचा मोठेपणा!

काकूंनी ते दाबलं. 'होम'चं 'घर' झालं, बाकी पान इंग्रजीतच राहिलं. घरपट्टी 'घर'मध्येच भरायची असणार, म्हणून त्या 'घर' दाबत राहिल्या आणि दर वेळी फिरून पहिल्या पानावर आल्या. एवढ्या प्रदक्षिणा त्यांनी मारुतीलाही घातल्या नव्हत्या. पुण्य अर्थात आपल्या पदरी.

मग लाल अक्षरांत 'सेशन एक्स्पायर्ड' उमटलं. मी वाचून दाखवलं, तर काकू दचकल्या, "अगं बाई! कोण गेलं?" या वयात त्यांचं काळीज किती घट्ट आहे हे फुकटात तपासून दिलंत, आभार.

तक्रार नोंदवायला मी बसलो. मराठीत चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड कॅरेक्टर'. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात ठरवलं, साहेब. आपल्या चौकटीत मात्र तिचा 'अ'सुद्धा अवैध. आपले निकष दिल्लीपेक्षा कडक, याचा अभिमान वाटतो.

कायद्याची आठवण करून देण्याइतका मी मोठा नाही. राजभाषा अधिनियम 1964चा. त्यातून स्थानिक संस्थांना मिळणारी पळवाट बुजवायला विधिमंडळाने 2022 साली वेगळा कायदा केला, महापालिकांचा कारभार मराठीत चालावा म्हणून. तो मराठीत असल्यामुळे आपल्याला वाचायला जड गेला असेल. समजू शकतो. काकूंचंही तेच झालं.

आणि पालिकेसमोरच्या झेरॉक्सवाल्याचे आशीर्वाद तर आपल्याला जन्मभर पुरतील. इंग्रजी फॉर्म भरून द्यायचे तो 50 रुपये घेतो. काकूंची घरपट्टी अखेर त्यानेच भरली, मुदतीच्या आदल्या संध्याकाळी. घरबसल्या नव्हे, रांगेत उभं राहून.

एकच विनंती. आपलं ते पान एकदा काकूंच्या शेजारी बसून, त्यांच्या मोबाईलवर उघडून बघा. चहा आमच्याकडे.

वाचकहो, तुमचंही बिल काढून बघा. सामान्य कर, वृक्षकर, शिक्षणकर, सगळे ओळीने छापलेले असतात. ते 50 रुपये कुठेच नसतात. इंग्रजी न येणाऱ्याने भरायची ती भाषापट्टी. तिची पावती मिळत नाही.

आपला नम्र,
एक करदाता