आमच्या म्हशीस वाचा देणाऱ्या कथाकथनसम्राटांस



पत्रास कारण की, गणपतीत आमच्या उचगावात येऊन आपण जी कथा सांगितलीत, ती मी लिहिलेली होती. तक्रार नाही. आपल्या माहितीसाठी कळवतो.

मूळ कथेत आण्णा म्हस विकतो, रिकामं दावं घेऊन घरी येतो आणि ते खुंटीला अडकवतो. कुणाशी काही बोलत नाही. मला वाटलं होतं, एवढं पुरे. आपल्याला ते पुरलं नाही. आपण त्या म्हशीला माईकवरून हंबरवलंत, आणि एकदा हंबरवून थांबलात असंही नाही. शेवटच्या हंबरण्याला मंडपामागच्या गोठ्यातून खरंच जबाब आला तेव्हा जी हशाटाळी पडली, तशी मला उभ्या आयुष्यात पडलेली नाही. माझी म्हस बिचारी गुमान गेली होती. त्या गुमान जाण्यातच सगळी कथा होती. पण ते असो.

आण्णाच्या भाषेतही आपण सुधारणा केलीत. माझा आण्णा ‘मी’ म्हणतो, आपला ‘म्या’ म्हणतो आणि दर वाक्याला ‘जी’ लावतो. उचगावात बसून उचगावकरांना गावरान बोली ऐकवायची, तीही टीव्हीवरची, याला छातीच लागते. शेजारचे एक काका हसून हसून डोळे पुसत मला म्हणाले, “काय लिवतंय बगा पोरगं! नाद खुळा!” मीही मान डोलावली.

सुरुवातीला आपण ‘एका लेखकानं म्हटलंय’ असं म्हणालात. तो ‘एक’ मीच. निवेदकानं मात्र वर्गणीदारांची नावं रकमेसकट वाचली. 501 रुपयेवाले एक गृहस्थ तर दोनदा आले. कथेचा दर किती ठेवायला हवा होता, हे मला तेव्हा कळलं.

काही लेखक शहाणे. उचगावातून हुपरीच्या रस्त्याला लागलं की पुढं पट्टणकोडोली लागते, ते शंकर पाटलांचं जन्मगाव. पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर आपापल्या कथा घेऊन स्वतःच व्यासपीठावर उभे राहिले आणि गावोगाव फिरले. ज्यानं लिहिलं, त्यालाच सांगताना कुठं थांबायचं हे ठाऊक होतं. काही लेखक नशीबवान. गदिमांनी लिहावं आणि कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी चाल लावावी! 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, 56 गीतं झाली, वेगवेगळ्या गळ्यांतून गेली; पण रामाच्या तोंडी कुणी पदरचा विनोद घातला नाही. मी शहाणाही नाही आणि नशीबवानही नाही. माझ्या वाट्याला आपण आलात.

कायद्याची भीती बाळगू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 52 वं कलम आपल्याच बाजूचं आहे: हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला, तर तो हक्कभंग होत नाही. गणपतीपुढं तिकीट कुठलं? अडचण आहे ती 57 व्या कलमाची. कृती आपली असल्याचं सांगण्याचा, आणि तिची मोडतोड होऊन लौकिकाला बाध येत असेल तर हरकत घेण्याचा हक्क त्यानं लेखकाला दिला आहे. माझा लौकिक गल्लीपलीकडे नाही, त्यामुळं बाध कशाला येणार, हा आपला युक्तिवाद मला आधीच मान्य आहे.

तेव्हा विनंती इतकीच. आपला आवाज चांगला आहे, पाठांतर चोख आहे. पुढच्या वेळी आण्णा दावं खुंटीला अडकवील तेव्हा हुंकारसुद्धा न देता दहा आकडे मोजा. लोक उठून जाणार नाहीत, हे उचगावचा माणूस म्हणून सांगतो. आणि सुरुवातीला लेखकाचं नाव घ्या. वर्गणी म्हणून 501 रुपये भरायची माझी तयारी आहे. पावती कथेच्या नावानं फाडा.

आपला,
एक लेखक