आपलंच तंजावर

तंजावरला जाणारा मराठी माणूस पर्यटक म्हणून जातच नाही, सातबारा बघायला जातो. आमचे हे तर पुण्यात लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "जरा आपल्या तंजावरला जाऊन येतो." सूर असा, की भाडेकरू वेळेवर भाडं देतात ना, एवढंच बघायचंय. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात हे राज्य घेतलं आणि १८५५ साली शेवटच्या राजांमागे मुलगा नाही म्हणून कंपनी सरकारने ते घशात घातलं. मधली सगळी वर्षं ह्यांच्या खात्यावर जमा होती.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ह्यांनी आधी आपली ओळख करून दिली. आम्ही महाराष्ट्रातले, इथले राजे आमचे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टेम्पल? टू हंड्रेड." राजांसाठी वेगळा दर नव्हता.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलं. शिखर दोनशे फुटांहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं. बघताना मान मागे जाते ती लवकर पुढे येत नाही. मी तशीच उभी होते, आणि हे कानाशी विचारत होते, "ते सगळं ठीक आहे, पण आपलं कुठाय?" आपलं म्हणजे मराठी शिलालेख. सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास बाबुराव चिटणीसांकडून लिहवून घेतला आणि १८०३ साली इथल्या भिंतीवर कोरवला. लेख चांगला लांबलचक आहे, कारण घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ह्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. वेळ अकराची, पाय अनवाणी आणि फरसबंदी तव्यासारखी. दुसऱ्या ओळीपासून हे एका पायावर वाचू लागले, आणि दूरवरून एका आजीबाईंनी तपश्चर्या समजून त्यांना हात जोडले.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं इथे छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. ज्याचे तळवे भाजतात त्याला ती बरोबर सापडते. आम्ही तिच्यात जाऊन उभे राहिलो, तेव्हा तिथे आधीच अर्धं राजस्थान आणि एक अख्खी शाळा उभी होती.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र मीच अडकले. सरफोजीराजे हा अजब माणूस. हस्तलिखितं जमवली, युरोपातून पुस्तकं मागवली, वर डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवून घेतल्या. संग्रहालयात ल ब्रून नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या आकृत्या लावल्या आहेत. माणसांचे चेहरे जनावरांशी किती जुळतात ते त्याने शेजारी शेजारी काढून दाखवलंय. घुबड आणि गृहस्थ, बैल आणि गृहस्थ. ह्यांना त्यात त्यांचे साहेब सापडले. मला सासरचे बरेचजण सापडले, पण मी बोलले नाही. परमुलखात भांडण नको.

भांडणावरून ह्यांना १६७७ सालची गोष्ट आठवली. दक्षिणेत आलेल्या शिवाजी महाराजांनी सावत्र भावाकडे वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजे भेटीला आले, गोड बोलले आणि एका रात्री तराफ्यावरून कोल्लिडम नदी ओलांडून तंजावरला पसार झाले. हे ऐकल्यावर मलाही पहिल्यांदाच वाटलं, की हो, आपलंच राज्य हे.

जेवायला केळीचं पान. ह्यांनी बसल्या बसल्या पोळी मागितली. चपाती संध्याकाळी सातनंतर, असं कळल्यावर दुखावले. मग सांबार आलं आणि पुन्हा खुलले. तंजावरच्या मुदपाकखान्यात एकदा आमसुलं संपली, म्हणून चिंच घातली, पंक्तीला पाहुणे संभाजीराजे होते आणि असं सांबार जन्माला आलं, ही कथा त्यांनी वाढप्याला तीन भाषांत मिळून सांगितली. इतिहासकार या कथेला मान डोलवत नाहीत. वाढप्याने डोलवली. त्याला त्यातलं 'सांबार' तेवढं कळलं होतं, त्याने आणखी दोन पळ्या ओतल्या. पुढे रसम, पायसम आणि ताकभात झाल्यावर ह्यांचा इतिहास आपोआप थांबला.

दिवसभर ह्यांनी मराठीचा सडा घातला होता. देवळात, महालात, कॉफीच्या दुकानात. एवढी वर्षं राज्य केलं, कोणीतरी वळून बघेल, "कुठले तुम्ही?" म्हणेल. कोणी म्हणालं नाही. संध्याकाळी आम्ही बाहुल्यांच्या दुकानात शिरलो. तंजावरच्या या राजा-राणीच्या बाहुल्यांना कितीही आडवं करा, बुडाच्या वजनामुळे त्या पुन्हा उठून बसतात. जोडीचे आठशे. मी दुकानदाराकडे बघून गोड हसले आणि ह्यांना मराठीत म्हटलं, "मातीचे आठशे? लुटारू दिसतोय. तीनशे सांगा, आणि नाही म्हणाला तर दाराकडे चालायला लागा."

"तीनशेला नाही परवडत, बाई," दुकानदार म्हणाला. मराठीत. हेल तमिळ, पण शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे वाटावेत असे. त्याचे पूर्वज राजांबरोबर आले होते आणि आम्ही कुठले, हेही त्याने विचारलं.

पळायला आमच्याकडे तराफा नव्हता. ह्यांचा चेहरा मात्र असा फुलला, की मी सांगितलेले तीनशे ते विसरूनच गेले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, चिटणीसांचा लेख ऐकवला, सांबाराची गोष्ट ऐकवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मधल्या वेळात बाहुल्या बांधून ठेवल्या. बाहेर येताना मी विचारलं, "अहो, भाव का नाही केलात?"

"घरच्या माणसाशी भाव करायचा?"

घरच्या माणसाने आठशेच घेतले होते. वर पिशवीचे दहा.