पोर्तोचा सातबारा

प्रेक्षणीय स्थळासमोर उभी राहिली की माणसं "वा!" म्हणतात. आमची आत्या म्हणते, "कुणाच्या नावावर आहे?" तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून तिची हयात गेली. तासगावकडच्या द्राक्षबागांच्या बांधांवरून सख्ख्या भावांत पेटलेली भांडणं तिनं इतकी पाहिलीत, की वीट-दगडाच्या कुठल्याही वस्तूकडे तिला नुसतं बघवतच नाही. ताजमहाल बघून ती एवढंच म्हणाली होती, "एवढी जागा बिनशेती कशी करून घेतली असेल गं?" अशा बाईला घेऊन मी पोर्तोला गेले, आणि त्या शहराचा सातबारा कोरा निघाला.

दोरू नदी अटलांटिकला मिळायच्या जरा आधी, उत्तर काठाच्या उभ्या चढावर हे शहर वसलंय. काठालगतचा रिबैरा भाग १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण तिथल्या बायकांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. चार-पाच मजली अरुंद घरांच्या गॅलऱ्यांतून चादरी आणि बनियनं खुशाल वाळत असतात. "माणसं राहतात इथं," आत्या समाधानानं म्हणाली. "कब्जा चालू आहे."

पहिली नोंद साओ बेंतू रेल्वे स्टेशनात झाली. आतल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या वीसेक हजार टाइल्स आहेत. लढाया, राजे, वराती असा पोर्तुगालचा इतिहास त्यांवर रंगवलाय, आणि तो रंगवणारे जॉर्ज कोलासो जन्मले मोरोक्कोत. पण आत्याला पसंत पडला तो जागेचा इतिहास. पूर्वी इथं नन्सचा मठ होता. १८३४ मध्ये सरकारनं मठ खालसा केले. नन्सना मात्र सवलत दिली, की नव्या घ्यायच्या नाहीत आणि आहेत त्यांनी मरेपर्यंत राहावं. इथली शेवटची नन वारली १८९२ मध्ये! तोवर मठाच्या जागेला हात लावायची सोय नव्हती. स्टेशनाचं उद्घाटन व्हायला १९१६ उजाडलं.

"हयातीपुरती वहिवाट," आत्या छताकडे बघत म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षं शासनाला दारात उभं केलं. बाई पक्की!"

तिथून पुलावर. दों लुईश पूल म्हणजे पोर्तोचा फोटोतला चेहरा. एकच भव्य लोखंडी कमान, तिला वर-खाली दोन रस्ते. वरून मेट्रो आणि माणसं एकाच पातळीवर चालतात, त्यामुळे नदी बघायची की मेट्रो, हे पटकन ठरवावं लागतं. हा पूल आयफेलचा, असं आम्हाला टॅक्सीवाल्यानं सांगितलं, फुगेवाल्यानं सांगितलं आणि आमचा फोटो काढून देणाऱ्या कोरियन मुलीनंही सांगितलं. प्रत्यक्षात १८८६ च्या या पुलाचा आराखडा तेओफिल सेरिगचा. तो आयफेलचा आधीचा भागीदार. आयफेलच्या कंपनीचा पूल जरा वरच्या अंगाला आहे, मारिया पिया नावाचा, १८७७ चा. त्याच्याही आराखड्यात सेरिगचा हात होता.

"वाटणीपत्र झालं तरी नाव थोरल्याचंच चालतं," आत्या म्हणाली. "गावोगाव हेच."

पुलाच्या खालच्या कठड्यावर तेवढ्यात तीन-चार पोरं चढली. एकानं टोपी फिरवली, पैसे जमले, मग एक जण नाक धरून सरळ नदीत. आत्यानं दोन युरो दिले आणि पावती मागितली. टोपीवाला पोरगा काय समजला कोण जाणे, त्यानंही उडी मारली.

पूल ओलांडला आणि आम्ही वाईनच्या गोदामांत शिरलो. पोर्ट वाईन ज्या शहराच्या नावानं जगभर खपते ते शहर आता नदीपलीकडे राहिलं होतं. हे गाव विला नोव्हा दी गाया. नगरपालिका वेगळी, महापौर वेगळा.

"म्हणजे गोदाम पोर्तोत नाहीच?" आत्यानं काळी कफनी घातलेल्या आमच्या गाइडला विचारलं.

"नाही मॅडम. इथं समुद्राची हवा थंड आणि दमट, पिंपांना मानवते. १९८६ पर्यंत निर्यातीची पोर्ट इथूनच जायला हवी, असा कायदाच होता."

"आणि बागा?"

"वर, शंभरेक किलोमीटरवर. दोरूच्या खोऱ्यात."

"कंपनी तरी पोर्तुगीज?"

गाइडनं इमानदारीत भिंतीकडे बोट केलं. तिथं कल्ल्यांवर कल्ले राखलेले इंग्रज रांगेनं टांगलेले होते. फ्रान्सशी बिनसलं तेव्हा इंग्रजांना दारूची पंचाईत पडली. मग १७०३ च्या करारानं त्यांनी आपलं लोकरी कापड पोर्तुगालच्या गळ्यात मारलं आणि बदल्यात पोर्तुगीज वाईनवरची जकात फ्रेंच वाईनपेक्षा कमी ठेवली. व्यापारी इथं आले आणि पिंपांवर आपली नावं घालून बसले. टेलर, ग्रॅहम, कॉकबर्न, सँडमन; पाट्या वाचत काठानं चाललं की लंडनच्या एखाद्या क्लबाची सभासद-यादी वाचल्यासारखं वाटतं.

"आपली मुंबई इंग्रजांना हुंड्यात देणारे हेच ना?" आत्यानं मला विचारलं. हेच. राजकन्या कॅथरीनच्या लग्नाचा करार, १६६१. "तरीच. एकदा देत सुटला की माणूस थांबत नाही."

गाइडला आता जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. त्यानं तिला मार्किस दी पोंबालची गोष्ट सांगितली. भेसळ बोकाळली म्हणून या पंतप्रधानानं १७५६ मध्ये पोर्टच्या द्राक्षांचा मुलूख कायद्यानं आखून दिला, आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक दगड रोवून घेतले. त्यातले कितीतरी अजून जागेवर आहेत. आत्याच्या चेहऱ्यावर मी इतकं प्रेम फक्त तिच्या नातवासाठी पाहिलंय. "मोजणी केली, दगड रोवले! हा माणूस आपल्या खात्यातला." या हद्दीबाहेरच्या वाईनला युरोपात पोर्ट म्हणता येत नाही, हे कळल्यावर तिला आठवलं, की गोव्यात दुकानादुकानांत गोड लाल 'पोर्ट वाईन' मिळते. "तेवढं अतिक्रमण," ती म्हणाली आणि विषय मिटवला.

मग चव. द्राक्षं दगडी हौदांत तुडवतात, रस आंबायला लागतो, आणि साखर निम्मीशिम्मी शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. आंबवणारे जीव जागीच मरतात, गोडवा राहतो आणि वाईन वीस टक्क्यांच्या घरात जाते. वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरून तपकिरी झाली की ती टॉनी. गाइडनं वीस वर्षांच्या टॉनीचा इवलासा ग्लास आत्यापुढे ठेवला, अक्रोड, अंजीर आणि संत्र्याची साल शोधा म्हणाला. आत्यानं वास घेतला, एक घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले.

"द्राक्षासव," ती म्हणाली. "समभाग पाण्यातून, जेवणानंतर. पाणी आण म्हणावं."

पाणी आलं. वीस वर्षं मुरलेल्या वाईनमध्ये ते पडताना बघून गाइडनं कफनीची कड घट्ट धरली.

रात्रीच्या जेवणाला मी फ्रान्सेझिन्या मागवली. आत्या अंड्यापर्यंत येते, त्यापुढे नाही. ती आमलेट-भाजी खात साक्षीदार म्हणून बसली. दोन पावांच्या मध्ये हॅम, सॉसेज, मांसाचा तुकडा. वर चीजची वितळलेली गोधडी, तिच्यावर अंडं, आणि सगळ्याला बुडवणारा बीअर-टोमॅटोचा तिखट रस्सा. भोवती बटाट्याचे तुकडे. अर्ध्यावर आल्यावर मला माझं वय जाणवलं. पोर्तोच्या अभिमानाची ही डिश १९५० च्या दशकात फ्रान्सहून परतलेल्या माणसानं तिथल्या टोस्टवरून बेतली, आणि नावातही फ्रेंच पोरगीच ठेवली.

"गावाचं स्वतःचं असं काहीच नाही का हो?" आत्यानं वेटरलाच विचारलं. मी भाषांतर केलं.

वेटर दुखावला नाही. शेजारच्या टेबलावरची वजडीची वाटी त्यानं दाखवली, पांढऱ्या घेवड्यात शिजवलेली. आख्यायिका अशी की पोर्तोतच जन्मलेला राजपुत्र हेन्री १४१५ मध्ये स्युटावर स्वारीला निघाला, तेव्हा गावानं आपलं सगळं मांस खारवून जहाजांवर चढवलं. मागं उरली आतडी. गाव तीच शिजवून जेवलं. तेव्हापासून पोर्तोकरांना 'त्रिपैरू', म्हणजे वजडीखाऊ म्हणतात, आणि ही शिवी ते छातीवर मिरवतात.

दुसऱ्या दिवशी लापा चर्च. इथं दों पेद्रूचं काळीज ठेवलंय, अक्षरशः. ब्राझीलचा पहिला सम्राट, पोर्तुगालचा राजा. भाऊ मिगेलनं गादी बळकावली म्हणून १८३२-३३ मध्ये तो या शहरात वर्षभर वेढा सोसत लढला. पोर्तोनं उपास काढले, पण त्याला सोडलं नाही. १८३४ मध्ये तो गेला, पस्तिशीतच. जाताना काळीज पोर्तोला दिलं. देह पुढं १९७२ मध्ये ब्राझीलला गेला. काळीज औषधी द्रवाच्या बरणीत, पाच कुलुपांआड. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा ते विमानानं तिकडे गेलं, राष्ट्रप्रमुखाची सलामी घेतली आणि परत आलं.

"उसनं दिलं आणि मुदतीत वसूल केलं," आत्या म्हणाली. बंद दारासमोर तिनं हात जोडले. "मूळ दस्त असाच जपावा."

संध्याकाळ तेवीस जूनची होती, साओ जुआंवची रात्र. गल्लोगल्ली सार्डिन भाजत होते, आकाशात कागदी कंदील चढत होते आणि सगळं पोर्तो प्लास्टिकचे हातोडे घेऊन एकमेकांच्या डोक्यात मारत होतं. पूर्वी लसणाचे तुरे मारत. १९६० च्या दशकात एका स्थानिक कारखानदाराचे हातोडे आले आणि बसले. आजोबा नातीला मारतात, पोलीस चुकवत जातो, अनोळखी माणूस टपली देऊन हसतो, पुढं होतो. एका जाडजूड गृहस्थानं आत्याच्या अंबाड्यावर अदबीनं एक 'टुइंक' ठेवून दिला.

आत्या थांबली. "बघ," ती म्हणाली, "मांस दिलं, वाईन दिली, पुलाचं श्रेय दिलं. देशाला नाव यांचं आणि राजधानी लिस्बनला. ठेवलं काय? आतडी, काळीज आणि हातोडा. पण तिन्ही निर्वेध आहेत, कुणाचा बोजा नाही."

मग तिनं दोन युरोचा हातोडा घेतला, पदर खोचला आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून इंग्रजीत विचारायला लागली, "फ्रॉम पोर्तो? ऑर लिस्बन?"

पोर्तोच्याला एक. लिस्बनच्याला, व्याजासह, दोन.