सदाफुलीला कोणी पाणी घालू नये

सदाफुली कोणी लावत नाही, ती येते. नर्सरीवाले हल्ली तिला ‘विंका’ म्हणत कुंडीसकट विकतात, तो भाग वेगळा. मराठवाड्यातल्या आमच्या घरामागे, सांडपाण्याचा पाइप आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या चिरेत ती उगवली, तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं घर गुलाबाच्या सेवेत होतं. गुलाबाला शेणखत, गुलाबाला निंबोळी पेंड, गुलाबाला अंड्याची टरफलं. आमचे अप्पा कट्टर शाकाहारी. तरी गुलाबापायी शेजारून टरफलं मागून आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, गल्लीत कोणी नाही ना ते बघून. एवढं करून गुलाब मोजून चार फुलं देई आणि पाचवी कळी माव्याच्या वाट्याला जाई.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात टँकर आला की आधी पिंप, मग हंडे, मग कळशा, आणि उरलंसुरलं झाडांना. अशा घरात गुलाब ठेवणं म्हणजे भाड्याच्या खोलीत हत्ती पाळणं. एका एप्रिलात गुलाब गेला. अप्पांनी जवळजवळ सुतकच पाळलं. आणि तिकडे चिरेतली ती बया फुलांनी गच्च भरलेली! आईनं कोणाला न विचारता तिची पिलावळ उचलली आणि गुलाबाच्या रिकाम्या कुंड्यांत लावून टाकली.

मग मी तिला नीट पाहिलं. भर दुपारी ती पानं मधल्या शिरेवर दुमडून वर उचलून घेते, म्हणजे ऊन कमी लागतं. उन्हं उतरली की पानं पुन्हा सपाट. फूल पाच पाकळ्यांचं, पाकळ्या एकमेकींवर किंचित चढलेल्या, मधोमध गर्द डोळा आणि त्यात सुई जेमतेम जाईल एवढं छिद्र. त्याखाली लांब नळी. मध पार तळाशी, त्यामुळे लांब सोंडेच्या फुलपाखरासारख्यांचंच तिथं काम. फूल गळलं की देठाशी दोन बारीक हिरव्या शेंगा उभ्या राहतात. वाळून उकलल्या की आत मोहरीहून बारीक काळं बी. मग ते गच्चीत, गटारीच्या कडेला, शेजाऱ्यांच्या कूलरखाली, कुठंही. पान तोडलं की चीक येतो. रुई, कण्हेर आणि ही एकाच कुळातली, म्हणून शेळी तोंड लावत नाही. मूळची ही मादागास्करची, पण शेळीनं सोडलेलं झाड मराठवाड्यात जगतं, एवढं वनस्पतिशास्त्र आम्हाला पुरतं.

हिला मारायचा खात्रीचा उपाय एकच : माया. आम्ही लग्नाला गावी गेलो, तेव्हा घर एका नातेवाइकांवर सोपवलं. ते पुण्याचे, म्हणजे धरणांच्या सावलीत वाढलेले. आमची पिंपं भरलेली बघून त्यांना राहवलं नाही. सकाळ-संध्याकाळ बादली. परत येऊन बघतो तर कुंडीतल्या सदाफुल्या पिवळ्या पडलेल्या, खोडं बुडाशी काळी, मुळं कुजलेली. “बिचारीला पाणी कमी पडतंय हो,” असं म्हणत ते आणखी एक बादली भरत होते. चिरेतली तेवढी वाचली, कारण तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता.

पहाटे फुलं चोरणाऱ्यांतही मानपान असतो. आधी जास्वंद, मग तगर, मग कण्हेर, आणि काहीच हाती लागलं नाही तर सदाफुली. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, देवाच्या नावावर जातात. तक्रार आहे ती पानं नेणाऱ्यांची. शेजारचे काका साखरेसाठी रोज अनशापोटी चार पानं चावतात, तोंड कडू करून घेतात आणि नऊ वाजता जिलेबीनं गोड करतात.

हाच समज जमैकातही होता. 1950च्या दशकात तिथली पानं कॅनडात पोचली आणि वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला. साखर जागची हलली नाही. अर्क टोचलेले उंदीर मात्र जंतुसंसर्गानं मरू लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. मग जिथं या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगात हे वापरलं तर? नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्याचा माग काढला आणि 1958 मध्ये विनब्लास्टिन जगापुढं आलं. पाठोपाठ विनक्रिस्टिन, जे आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात. तेही शिरेतून, काटेकोर मोजून.

हे सगळं मी काकांना साग्रसंगीत सांगितलं. “बघ, मी म्हणत नव्हतो? औषधी आहे!” असं म्हणून त्यांनी आणखी दोन पानं तोडली.

तेव्हा विनंती एवढीच, की साखर डॉक्टरांना दाखवा, सदाफुलीला नको. फुलं हवी तेवढी न्या. रोपं तर आमच्याकडे पैशाला पासरी आहेत. पावसाळ्यात या, बोटभर रोप मातीसकट उचला, आणि घरी गेल्यावर कुंडीला खाली भोक आहे ना, तेवढं बघून घ्या.