बंधुराज

विद्वत्तेचे तेज मुखावर उतरण्यासाठी साठी उलटावी लागते, अशी माझी समजूत असल्यामुळे, हनुवटीखाली जी सैलसर वळी आली, पापण्यांना जे जडत्व आले आणि मानेचा जो हळूहळू लोप झाला, त्या सर्वांची नोंद मी चिंतनशीलतेच्या खाती जमा करीत आलो होतो. एका व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझे छायाचित्र छापून आले, तेव्हा ती पत्रिका, सहज पडून राहिली आहे असे दिसावे अशा बेताने, मी ओसरीवर मांडून ठेवली. शेजारच्या काकूंनी ती उचलली, चष्मा पुसून निरखली, आणि सत्यकथनासाठी शनिवार पेठेने राखून ठेवलेल्या स्वरात म्हणाल्या, "भाऊ, हा तर अगदी आपला मोरीतला!"

मोरीतला म्हणजे भेक. पेठेच्या दप्तरी तो नुसता 'बेडूक' म्हणून दाखल आहे. परंतु बेडकाची ती हिरवी तुकतुकी आणि लांबलचक उडी याच्याजवळ नाही. याची कातडी जाड, मातकट, काळ्या टोकांच्या गाठींनी भरलेली, आणि डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी. तेव्हापासून पावसाळ्यात तो चौकात अवतरला, की स्वयंपाकघरातून "अहो, तुमचे बंधुराज आलेत!" अशी वर्दी येते.

अब्रूनुकसानीचा दावा लावावा, तर पुरावा म्हणून माझाच चेहरा दाखल होण्याचा संभव. तेव्हा मी दुसरा मार्ग पत्करला. बंधुराजांचे कुळच जर थोर ठरवता आले, तर साम्य हे लांछन न राहता भूषण होईल, अशा निव्वळ स्वार्थी हेतूने मी भेकाचे वकीलपत्र घेतले.

पहिला पुरावा साक्षात ऋग्वेदाचा. सातव्या मंडलातील एकशे तिसरे सूक्त वसिष्ठांनी मंडूकांना उद्देशून रचले असून, वर्षभर मौन पाळून पावसाच्या आगमनाने एकदम बोलू लागणाऱ्या या प्राण्यांची तुलना त्यांनी व्रतस्थ ब्राह्मणांशी केली आहे. एक ओरडला की दुसरा त्याच्यामागून तेच ओरडतो, यात त्यांना गुरूमागून संथा म्हणणारा शिष्य दिसला. हे मी काकूंना सांगितले. काकू म्हणाल्या, "वर्षभर मौन? मग तुमच्याशी नाही जुळत."

परंतु माझी खरी भिस्त वनपर्वावर आहे, आणि येथे वाचकांनी थोडे सैल होऊन बसावे. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ही कथा सांगतात. अयोध्येचा इक्ष्वाकुवंशीय राजा परीक्षित (अर्जुनाचा नातू नव्हे, नामसाधर्म्याने दप्तरात घोळ होतात) शिकारीत वाट चुकून एका सरोवराकाठी पोहोचतो, घोड्याला कमळाचे देठ चारतो आणि काठावर पडून राहतो, तोच गाणे कानी येते आणि फुले वेचणारी एक कन्या दृष्टीस पडते. ती विवाहास राजी होते, मात्र एका अटीवर: मला कधीही पाणी दाखवू नये. राजे लोकांना अटीमागचे कारण विचारण्याची सवय नसते. तो तिला पालखीतून नगरात नेतो आणि राज्यकारभार गुंडाळून अंतःपुरात राहतो. अखेर हैराण झालेला अमात्य दासींकडून अटीचा सुगावा काढतो, आणि एक उपवन असे तयार करवतो की पाणी दिसू नये, पण लताकुंजाआड एक वापी भरलेली असावी. फिरता फिरता दमलेला राजा तेथे पोहोचतो, ते निर्मळ पाणी पाहून अट विसरतो आणि राणीला "उतर" म्हणतो. ती उतरते आणि वर येत नाही. वापी उपसून पाहतात, तो तळाशी एका बिळाच्या तोंडाशी एक मंडूक! याने राणीला खाल्ले असे समजून राजा राज्यातील यच्चयावत मंडूक ठार करण्याचा हुकूम सोडतो. ज्याला माझ्याकडे काही मागायचे असेल, त्याने मेलेले मंडूक नजराणा म्हणून आणावेत. शेवटी मंडूकांचा राजा आयु तापसाच्या वेषात येऊन उलगडा करतो, की ती माझी कन्या सुशोभना, आणि राजांना असे फसवण्याची तिला खोडच आहे. परीक्षित तरीही तिलाच मागतो, आणि ती त्याला मिळते.

ग्रिम बंधूंचा बेडूक-राजपुत्र 1812 साली छापून निघाला. त्याच्या कित्येक शतके आधी आमच्याकडे ही राजकन्या नांदून गेली होती. आता माझा मुद्दा, जो माझ्या माहितीप्रमाणे कोणत्याही टीकाकाराला सुचलेला नाही: सुशोभना ही बेडूक नव्हती, भेक होती. पातळ, ओलसर कातडीचा बेडूक पाणी दृष्टीस न पडता राजवाड्यात टिकता ना. भेक टिकतो, तो पाणी पीतही नाही, ओल्या मातीला पोट टेकून कातडीनेच ते शोषतो. अंतःपुरातील एखाद्या दमट कोपऱ्यावर त्याचा निभाव लागतो, आणि पाण्यात उतरण्याची वेळ येते ती मुख्यतः अंडी घालण्यापुरती. ती अंडीही बेडकासारखी पुंजक्यात नव्हे, लांबच लांब चिकट माळांत. शिवाय ते बीळ! दिवसभर बिळात दडून राहण्याची वृत्ती खास भेकाची. सारांश, इक्ष्वाकूंच्या घराण्यात भेकाचे रक्त आले. त्या राणीला शल, दल आणि बल असे तीन पुत्र झाले. हा सिद्धान्त मी भोजनसमयी मांडला, तेव्हा घरातून इतकाच अभिप्राय मिळाला, की राजघराण्यातल्या माणसाने ताटात आमटी ठेवू नये.

पाश्चात्त्य साक्षीदारांवर मी फार विसंबलो नाही. तिकडे भेकाच्या मस्तकात रत्न असते असा समज होता, आणि शेक्सपिअरनेही त्याचा उल्लेख केला आहे, येथवर ठीक. परंतु केनेथ ग्रॅहमच्या 1908 सालच्या बालकादंबरीतील भेक श्रीमंत, मोटारवेडा आणि स्वतःच्या थोरवीची गाणी स्वतःच रचणारा निघाल्यामुळे तो साक्षीदार फितूर समजून मी वगळला. फुगून बैल होऊ पाहणाऱ्या बेडकीची गोष्टही दाखल केलेली नाही.

शास्त्राने मात्र त्याचा योग्य मान राखला आहे. आपल्या अंगणातील या भेकाचे शास्त्रीय वर्णन 1799 सालीच झाले, आणि 2006 मध्ये त्याच्या प्रजातीला सुशील कुमार दत्ता या भारतीय उभयचरतज्ज्ञांचे नाव देऊन 'दत्ताफ्रायनस' असे नवे नामकरण झाले. आंबोलीच्या जांभ्या कातळावरील डबक्यांत अंडी घालणारा त्याचा चुलतभाऊ तर 2009 साली जगापुढे आला. इतकी पुस्तके लिहून माझ्या नावाचा साधा किडाही नाही.

आषाढात ओसरीच्या दिव्याभोवती वाळवीची पाखरे जमतात, तेव्हा मी वाचनाचे सोंग घेऊन त्याच्याकडे पाहत बसतो. तो उड्या मारीत येत नाही. भिंतीच्या कडेने दोन पावले सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. पाखरू निश्चल असेल तोवर तो पूर्ण उदासीन. त्याने पंख हलवला, की याचे अंग किंचित पुढे झुकते, मागच्या पायाचे लांब बोट थरथरते, आणि जीभ बाहेर येऊन गेली हे पाखरू नाहीसे झाल्यावरच आपल्याला कळते. मग तो डोळे गच्च मिटतो. हे समाधान नव्हे. डोळ्यांचे गोळे आत दाबून तो घास खाली ढकलतो. माझ्या श्रीखंड खाण्याचा येथे जो उल्लेख झाला, तो मी नोंदवून घेतलेला नाही.

आता वाडा पाडायचा ठरला आहे. करारनाम्यात प्रत्येक कुळाचे क्षेत्रफळ चौरस फुटांत आले; चौकाची जागा मोटारींना, भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट. बैठकीत मी उठून विचारले, की चौकातली थोडी माती उघडी ठेवता येईल काय? कशासाठी, असा प्रश्न आला, आणि एवढा वेद, एवढे महाभारत पाठीशी असून मला उत्तर देता आले नाही. वहिवाट पाहिली तर तो आमच्यापैकी कोणाहून कमी नव्हे. पण तो भाडे भरत नाही, त्याच्या नावे पावती नाही, आणि वरच्या मजल्यावर घर देतो म्हटले तरी त्याला चढता येत नाही. मला राग आला तो बिल्डरचा नव्हे. सही करणाऱ्यांत मीही होतो, आणि पेनही माझेच फिरले सगळ्यांकडे.

ज्यांच्या दारी अजून अंगण आहे, त्यांना विनंती, की एक फुटकी कुंडी सावलीत, कडेला बोटभर फट ठेवून, मातीवर उपडी घालावी. भेकाला केरसुणीने झोडपू नये, त्याच्यावर मीठ वा फिनेल टाकू नये. त्याच्या स्पर्शाने चामखीळ येत नाही. ती एका विषाणूने येते. कुत्र्याला मात्र त्याच्यापासून दूर ठेवावे, कारण त्या ग्रंथींतील विष खरे आहे, आणि उचलावाच लागला तर नंतर हात साबणाने धुवावेत.